मायच्या वाटीतले दाणे

भादवा सरत आला की धाराशिवच्या बाजारात ओल्या शेंगांचे हातगाडे लागतात आणि माझं कशात लक्ष लागेनासं होतं. शाळेतून सुटल्यावर मी सरळ घरी जात नाही. गाड्यापाशी थांबतो, एक शेंग उचलतो, अंगठ्यानं दाबून फोडतो. आतला दाणा ओलसर, फिकट गुलाबी, दुधाळ चवीचा. बोटाला माती लागते. गाड्यावरची बाई विचारते, "घ्या की सर, किती देऊ?" मी पुढं चालू लागतो, दहा पावलांवरून परत फिरतो आणि दोन किलो घेतो. घरात शिरताना माझ्या हातातली पिशवी बघून रेखा, म्हणजे माझी बायको, एवढंच म्हणते, "झालं तुमचं सुरू."

खरंच सुरू होतं. या दिवसांत मला एका जागी बसवत नाही. वह्या तपासता तपासता उठतो, गॅलरीत जातो, कशासाठी आलो ते विसरून परत येतो. पंखा वाढवतो, कमी करतो. याला कारण तीन वर्षांपूर्वीचा असाच एक शेंगांचा मोसम. त्या मोसमात मी माझ्या आईला तब्येतीसाठी म्हणून रोज सुकामेवा आणि दाणे खाऊ घातले, आणि ती बरी व्हायच्या ऐवजी तिचा रक्तदाब वाढत वाढत पक्षाघाताच्या उंबऱ्यापर्यंत गेला. मी विज्ञानाचा मास्तर. संतुलित आहाराचा धडा बावीस वर्षं शिकवतोय. पण घरात काय चाललंय याचा मला दोन महिने पत्ता लागला नाही. दोष दाण्यांचा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. दाणे बिचारे चांगलेच असतात.

आईला आम्ही माय म्हणतो. माय बेंबळीची, म्हणजे लग्न होऊन बेंबळीत आली आणि तिथंच राबली. आमच्या नावावर रान नव्हतं, पण गावातल्या प्रत्येक रानाची माती तिला ओळखीची होती. तेव्हा भुईमूग पुष्कळ असायचा. बाया वेल उपटायच्या, शेंगा तोडायच्या, आणि तोडणीबद्दल शेंगांचाच वाटा मिळायचा. पण मायचा जीव खरा अडकलेला असायचा तो सरव्यात. मालकानं माल हलवला की मोकळ्या रानात राहिलेलं वेचून आणायचं, त्याला सरवा म्हणतात. पाऊस वेळेआधी उघडला आणि भुई टणक झाली की वेल वर येतो, शेंगा खाली तुटून राहतात. मालक कपाळाला हात लावायचा आणि सरवा वेचणाऱ्या बाया खुरपी पाजळायच्या. माय उकिडवी बसून सरकत सरकत जायची, आणि भेगेच्या कडेला खुरप्याचं टोक घालून अशी काही माती उलथायची की शेंगा तिला वरूनच दिसत होत्या असं वाटावं.

संध्याकाळी ओटीतल्या शेंगा परातीत पडायच्या. मग निवडानिवड. भरलेल्या एकीकडं, कोंब फुटलेल्या एकीकडं, आणि काळपट, बुरशी धरलेल्या थेट उकिरड्यावर. "काळा दाना तोंडात गेला की थुकून टाकायचा. पोटात न्हाय जाऊ द्यायचा," असा तिचा कायदा होता. बुरशीच्या दाण्यातलं विष यकृताला बाधतं, हे मी पुढं पुस्तकात वाचलं आणि मुलांना मोठ्या थाटात सांगितलं. मायनं ते न वाचता आमच्या तोंडात बोट घालून अमलात आणलं होतं. भरलेल्या शेंगा वाळवून गाडग्यात जायच्या आणि थंडीभर आम्हा तिघा भावंडांना रोज सकाळी एकेक मूठ मिळायची, वर गुळाचा खडा. चार कोस चाललो तरी भूक लागायची नाही. त्याला प्रथिनं म्हणतात, स्निग्ध पदार्थ म्हणतात, हे कुणाच्या गावी नव्हतं. त्याला दाणे म्हणत.

आणि माय? ती कधी खायची ते दाणे? हा प्रश्न मला त्या वयात पडला नाही, ते एक वेळ ठीक. पण पुढंही पडला नाही.

त्या वर्षी भादव्यात माय गावात नळावर चक्कर येऊन पडली. धाकट्या भावाचा फोन आला आणि मी तिला धाराशिवला घेऊन आलो. डॉक्टर मॅडमनी तपासलं. रक्तदाब बराच वाढलेला, चरबीचं प्रमाणही वर. रोज एक गोळी, रोज चालणं, मीठ निम्म्यावर, लोणचं-पापड बंद. मग त्या म्हणाल्या, "आणि आजी, रोज मूठभर दाणे खायचे. शेंगदाणे, बदाम, अक्रोड, आलटून पालटून. नुसते भाजलेले, मीठ न लावता. हृदयाला चांगले असतात, वाईट चरबी कमी व्हायला मदत होते, पोटही भरल्यासारखं राहतं. फक्त मुठीपेक्षा जास्त नाही."

माय हसली. पदर तोंडाला लावूनच हसली. "दाने? आता दवाखान्यातबी दाने देतेत व्हय?"

"गोळ्या पण घ्यायच्या बरं का," मॅडम म्हणाल्या. "आकडा असाच राहिला तर एखाद्या दिवशी हात-पाय लुळे पडतील. मग कोण करणार?"

हे शेवटचं वाक्य मॅडमनी मायला सांगितलं, पण लागलं मला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मायचा हात मी इतका घट्ट धरला होता की ती म्हणाली, "आरं, म्या काय पळून चालले का?"

मग माझा उत्साह काय वर्णावा. तीन बरण्या आणल्या, त्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या. सकाळी शाळेत जाण्याआधी स्टीलच्या छोट्या वाटीत मोजून बदाम, अक्रोडाचे अर्धे तुकडे आणि भाजके शेंगदाणे. वाटी मायच्या पुढ्यात ठेवायची आणि पाच मिनिटांचं व्याख्यान द्यायचं. यात काय असतं, त्यानं काय होतं, रक्तवाहिन्या कशा असतात. माय ऐकून घ्यायची. मध्येच म्हणायची, "व्हय व्हय, तू जा, तुझी घंटा व्हईल." संध्याकाळी येऊन मी पहिलं वाटी बघायचो. रिकामी, धुऊन पालथी घातलेली.

"खाल्ले का दाणे?"

"खाल्ले की."

मला एवढं समाधान व्हायचं की मी स्वतःचाच चहा गोड करून घ्यायचो. रक्तदाब मोजायचं यंत्रही आणलं. पट्टा दंडाला बांधायचा, बटण दाबायचं, पट्टा फुगतो, माय डोळे मिटून घेते, आकडा येतो. पहिल्या आठवड्यात आकडा जरा उतरला. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना बदामाचं महत्त्व पटवून दिलं. दुसऱ्या आठवड्यात आकडा थांबला. तिसऱ्या आठवड्यात चढायला लागला.

तेव्हापासून माझी झोप उडाली नाही, पण जागेपण बिघडलं. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबायचा. मधल्या सुट्टीत घरी फोन. "माय, हाताला मुंग्या येतायत का? बोलताना जीभ जड होतेय का?" ती वैतागून म्हणायची, "तुझ्या फोनानंच जड व्हती." यंत्र खोटं असेल म्हणून मी स्वतःचं मोजलं, रेखाचं मोजलं, शेजारच्या निवृत्त तलाठ्यांचं मोजलं. तलाठ्यांचं अगदी तरुणासारखं निघालं आणि माझं वाढलेलं. रेखा म्हणाली, "दोन दिवस ते यंत्र कपाटात ठेवा, निम्मं घर बरं होईल."

मी औषधाच्या दुकानदाराशी भांडलो, गोळ्या बदलून घेतल्या. रेखानं जेवणातलं मीठ आणखी कमी केलं, इतकं की वरणाला पाण्याची चव आली. आम्ही दोघं ते मुकाट गिळायचो, मायसाठी. माय म्हणायची, "तुमी बसा दोघं, म्या मागून खाते." हे ती गावातही म्हणायची. तिथं आधी बाप्ये, मग पोरं, मग बाया, आणि बायांतही माय सगळ्यांच्या शेवटी, चुलीकडं तोंड करून. फ्लॅटमध्ये चूल नव्हती, पण ओट्याखालची जागा तिनं तशीच धरली होती. रेखानं दोन-तीनदा आग्रह केला, "आत्या, आमच्याबरोबर बसा की." तर म्हणाली, "मला आत्ता भूक न्हाय, बाय." आम्ही ते मानलं. आपण ज्या गोष्टी मानून टाकतो, त्यात सोयीच्या किती असतात, याचा हिशेब मी केला नव्हता.

वर्षावासाचे दिवस होते, पावसाळ्यात बुद्धविहारात रोज धम्मग्रंथ वाचतात ते. माय संध्याकाळी गल्लीतल्या बायांबरोबर विहारात वाचन ऐकायला जायची, पांढरं लुगडं नेसून. परत आली की चेहरा उजळलेला असायचा आणि पट्टा बांधला की आकडा मात्र तसाच. डॉक्टर मॅडमनी गोळी वाढवली. "खाण्यात मीठ कुठून जातंय का बघा," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "मॅडम, आमच्या घरात मीठ औषधालासुद्धा सापडायचं नाही." याच सुमारास रेखा एकदा म्हणाली होती, "मिठाचा डबा लवकर खाली होतोय हल्ली." मी तेव्हा फोनवर अक्रोडाबद्दल काहीतरी वाचत होतो. म्हणालो, "मुंग्या लागल्या असतील." मीठ मुंग्या खात नाहीत, हे विज्ञानाच्या मास्तरला सांगायला हवं होतं कुणीतरी.

मग मला दाण्यांचीच शंका यायला लागली. बदाम उष्ण पडले असतील का? बदाम भिजत घालायला लागलो, साल काढून ठेवायला लागलो. अक्रोड बंद केले, परत सुरू केले. एकदा तर शेंगदाणे मोजून पाहिले आणि आदल्या दिवसापेक्षा चार जास्त निघाले म्हणून माझ्याच तोंडात टाकले. माय माझ्याकडं बघत होती. "लई बेजार झालायस रं," ती म्हणाली. मी म्हणालो, "तू बरी हो, मी होतो बरा." तिनं मान हलवली आणि वाटी घेऊन आत गेली.

आश्विनात एका शनिवारी सकाळची शाळा होती. दुपारी बाराला घरी आलो. रेखा ऑफिसला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत शिरताच लसणाचा आणि भाजक्या मिरचीचा खमंग वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. स्वयंपाकघरात माय जमिनीवर बसली होती, दाराकडं पाठ करून. शेजारी खलबत्ता. ताटात भाकरी पाण्यात भिजवून कुस्करलेली. आणि ताटाच्या कडेला लालभडक, तेल सुटलेल्या चटणीचा एक भला मोठा गोळा.

मी खाली बसलो आणि खलात डोकावलो. खलाच्या तळाला लालसर कुटात बदामाची पांढरी कणी दिसत होती आणि अक्रोडाचा एक तुकडा अजून अर्धा शाबूत होता. शेजारी मिठाचा डबा उघडा.

"हे काय?" मी विचारलं.

मायनं घास हातातच ठेवला. "चटनी."

"माझे बदाम?"

"तुझे बदाम, तुझे अक्रूट, तुझे दाने. सगळं हाय त्यात. एक दाना बाहेर टाकला न्हाय म्या."

मला हसू यायला पाहिजे होतं. जगात बदाम-अक्रोडाची झणझणीत चटणी दुसऱ्या कुणी केली असेल असं वाटत नाही. पण मला राग आला, आणि रागाच्या खाली भीती होती. दोन महिने ती रोज मूठभर दाण्यांवर मूठभर मीठ खात होती आणि मी तिच्या दंडाला पट्टा बांधत बसलो होतो.

"असं का केलंस? सांगितलं होतं ना, मिठाशिवाय, नुसते चावून खायचे?"

तिनं पदर तोंडावरून बाजूला केला आणि तोंड उघडून दाखवलं. वरच्या दाढा नव्हत्या. एकही नाही. खालच्या बाजूला दोन राहिल्या होत्या आणि जिभेनं तिनं त्या हलवून दाखवल्या.

"कशानं चावू?" ती म्हणाली.

"कधी गेल्या?"

"झाली की दोन-तीन सालं. एकेक गेली."

"मग सांगायचं नाही का?"

"तू इचारायचास दाने खाल्ले का. म्या म्हनायची खाल्ले. खाल्लेच की. खोटं कुठं बोलले?" मग म्हणाली, "दात हायत का, असं कुनी इचारलंच न्हाय. आन् सुनंनं भाजीत मीठच टाकायचं सोडलं. कोरडी भाकर घशाखाली उतरती व्हय? चटनी लागती बाबा."

म्हणजे आम्ही भाजीतलं मीठ जितकं कमी केलं, तितकं तिच्या चटणीतलं वाढलं होतं. वरणातलं मीठ मी स्वतः बंद करवलं होतं. मी तिथंच फरशीवर बसून राहिलो. मला फार लाज वाटली, आणि ती लाज अजून गेलेली नाही. दरवर्षी शेंगांचे गाडे लागले की ती वर येते. मनात येतं, आणखी काय काय मी विचारलंच नाही? तिचे गुडघे दुखतात का, तिला रात्री पाणी लागतं का, तिला इथं करमतं का. आणि मग मी उठतो आणि जाऊन विचारतो, आणि ती म्हणते, "किती इचारतुयास, गप बस की."

पुढं कळलं ते आणखी गमतीचं. ती चटणी विहारातल्या सगळ्या बायांनी चाखलेली होती. माय डबीत घालून न्यायची. "माझा लेक बदाम चारतो मला," असं सांगत वाटायची. तलाठ्यांच्या घरातसुद्धा ती पोचली होती. सगळ्या गल्लीला माझ्या औषधाची चव माहीत होती, एक मी सोडून.

डॉक्टर मॅडमना सांगितलं तेव्हा आधी त्या हसल्या, मग गंभीर झाल्या. "दाणे कुटून खाल्ले तरी काही बिघडत नाही. गुण तोच. फक्त मीठ नको. आणि दातांच्या डॉक्टरकडं कधी नेताय?" मग दाण्यांचा बिनमिठाचा कूट सुरू झाला. कधी दुधात, कधी कुस्करलेल्या केळ्यात, कधी भाजीत. चटणीला लिंबू आणि जिरं घालून रेखानं मीठ चिमटीवर आणलं. माय आधी नाक मुरडायची, मग लिंबू जरा जास्त पिळायला सांगायची. त्याच मोसमात ओल्या शेंगा मऊ शिजवून दिल्या तेव्हा मात्र तिनं हिरड्यांनी दाबून दाबून पूर्ण ताटली संपवली. आकडा हळूहळू उतरला, महिना-दीड महिना लागला. कवळी बसवली, ती माय विहारात जाताना घालते आणि घरी आली की काढून पाण्यात ठेवते. माय आज बरी आहे. सकाळी गच्चीवर दहा फेऱ्या मारते आणि मी बरोबर चालू लागलो तर म्हणते, "तुझ्यानं मला दम लागतो, तू लई भरभर चालतुयास."

आता सोयाबीन आलं, यंत्रं आली, रानात काही मागं राहत नाही. माझ्या शाळेतल्या मुलांना सरवा हा शब्द ठाऊक नाही. मी सांगतो. आहाराच्या धड्याला मी आता दाण्यातली प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ दोन ओळींत उरकतो आणि मुलांना गृहपाठ देतो: घरात सगळ्यांच्या शेवटी कोण जेवतं, त्या माणसाच्या ताटात काय असतं, ते बघून या. काही मुलं बघून येतात आणि गप्प बसतात. एका मुलीनं लिहून आणलं होतं, "ताट नव्हतं, तव्यावरच खाल्लं."

पण मला आठवत राहते ती त्या शनिवारची संध्याकाळ. दुपारचं सगळं रेखाला सांगून झालं होतं. तिनं तीन ताटं मांडली. माय म्हणाली, "तुमी बसा, म्या मागून..."

"आज न्हाय," मी म्हणालो. गावची बोली कधी तोंडात आली ते मला कळलं नाही.

ती बसली. भाकरी कुस्करली, दूध ओतलं, बोटानं कालवलं, परत कालवलं. घास काही तोंडात जाईना. रेखा मान खाली घालून जेवत होती. मी मायकडं बघत होतो, दोन महिन्यांची चूक त्या एका घासात फिटणार असल्यासारखा.

"जेव की, माय."

"तू बघतुयास."

"मग बघू दे की."

"मला लाज वाटती," ती म्हणाली. "तोंड येडंवाकडं व्हतं माझं."

पोरांना वाढताना तिचे हात, तिची पाठ, तिचा पदर, सगळं मला पाठ होतं. ज्या तोंडानं ती जेवायची ते तिनं मला कधी दाखवलं नव्हतं, आणि मीही कधी बघायला गेलो नव्हतो.

"तू तिकडं तोंड कर," ती म्हणाली. "मग जेवते म्या."

मी ताट उचललं आणि भिंतीकडं तोंड करून बसलो. मग पाठीमागून आवाज यायला लागला, हळू, मध्येच थांबणारा, परत सुरू होणारा. सेहेचाळीस वर्षं मी तिच्या हातचं खात आलो होतो आणि माझ्या मायच्या जेवण्याचा आवाज त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकत होतो. मी माझा घास तसाच धरून ठेवला, आवाज बुडू नये म्हणून.

बऱ्याच वेळानं ताट सरकवल्याचं ऐकू आलं.

"आता फिर इकडं," माय म्हणाली. "तुझं गार झालं की सगळं."